दोन मतपत्रिकांवर नसलेलं नाव : १९९९ च्या एमव्हीपी निवडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये दर मोसमाच्या शेवटी दोन खेळाडूंना ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’ म्हणजे एमव्हीपी हा किताब मिळतो. एक अमेरिकन लीगचा, दुसरा नॅशनल लीगचा. खेळाडू, प्रशिक्षक, प्रेक्षक यांपैकी कोणालाही या निवडीत मत नाही. मत असतं ते बेसबॉल रायटर्स असोसिएशन ऑफ अमेरिका या पत्रकार संघटनेच्या निवडक सदस्यांना. १९३१ पासून हा किताब हीच संघटना देते. १९९९ साली बॉस्टनच्या पेद्रो मार्तिनेझचा हा किताब तेरा गुणांनी हुकला, आणि दोन मतदारांनी त्याचं नाव मतपत्रिकेवर लिहिलंच नव्हतं. त्याचंच हे प्रकरण.

१९९९ साली अमेरिकन लीगमध्ये १४ संघ होते आणि प्रत्येक संघामागे दोन पत्रकार, असे २८ मतदार होते. प्रत्येकानं आपल्या पसंतीनं दहा नावं क्रमानं लिहायची. पहिल्या नावाला १४ गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८ आणि मग एकेक कमी होत दहाव्याला १. मतपत्रिका बाद फेरी सुरू होण्याआधी पाठवायच्या, म्हणजे बाद फेरीतल्या पराक्रमाचा निकालावर परिणाम होत नाही. निकाल मात्र नोव्हेंबरात लागतो.

मतदारांना मतपत्रिकेबरोबर एक सूचनापत्र मिळतं आणि या प्रकरणाचं मूळ त्यातच आहे. ‘व्हॅल्युएबल’ म्हणजे काय याची पक्की व्याख्या नाही, ती ज्यानं त्यानं ठरवावी, असं ते पत्र सुरुवातीलाच सांगतं. मग काही निकष येतात : फलंदाजी आणि क्षेत्ररक्षण मिळून खेळाडूचं संघाला असलेलं प्रत्यक्ष मोल, तो किती सामने खेळला, त्याचा स्वभाव, संघनिष्ठा, मेहनत. आणि एक गोष्ट पत्रात स्वच्छ लिहिलेली असते, की सगळे खेळाडू पात्र आहेत आणि त्यात पिचरही आले.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी एवढं सांगायला हवं. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा आणि कॅचर म्हणजे बॅटरच्या मागे बसून तो झेलणारा. आपल्याकडे गोलंदाज दर सामन्यात असतो. बेसबॉलमध्ये सुरुवातीला उतरणारा पिचर एकदा खेळला की चार दिवस विश्रांती घेतो. १६२ सामन्यांच्या मोसमात त्याच्या वाट्याला तीस-बत्तीस सामने येतात. कॅचर मात्र जवळजवळ रोज मैदानात असतो. ‘मोलाचा कोण?’ हा प्रश्न या फरकापाशी येऊन अडतो.

हे प्रकरण ज्या दोन मतदारांवरून घडलं त्यांची नावं त्या वेळी जाहीर झाली होती. इथे ती दिलेली नाहीत. एक न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राचा वार्ताहर होता, दुसरा मिनियापोलिसच्या. एवढी ओळख पुरेशी आहे.

दोन दावेदार

पेद्रो मार्तिनेझ हा डॉमिनिकन रिपब्लिकचा पिचर, बॉस्टन रेड सॉक्सचा. त्या मोसमात त्यानं २३ सामने जिंकले आणि ४ हरले. २१३ इनिंगमध्ये (एका सामन्यात असे नऊ डाव असतात) ३१३ बॅटर ‘स्ट्राइक आउट’, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केले. त्याचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या धावांची सरासरी, २.०७ होता. हा आकडा त्या काळाशेजारी ठेवल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही. १९९९ हे धावांच्या पुराचं वर्ष होतं. नॅशनल लीगमध्ये मार्क मॅग्वायरनं ६५ आणि सॅमी सोसानं ६३ होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले. अमेरिकन लीगचा एकूण ईआरए ४.८६ होता. म्हणजे सर्वसाधारण पिचर जितक्या धावा देत होता त्याच्या निम्म्याहूनही कमी धावा मार्तिनेझ देत होता, तेही फेनवे पार्क हे घरचं मैदान असताना, जिथली डावी भिंत बॅटरना जवळची वाटते. १० सप्टेंबरला त्यानं यँकी स्टेडियमवर, त्या वर्षीच्या विजेत्या संघाविरुद्ध, संपूर्ण सामना टाकून १७ जणांना स्ट्राइक आउट केलं आणि एकच हिट, म्हणजे बॅटरला बाद न होता धावू देणारा फटका, दिली. साय यंग पुरस्कार, जो फक्त पिचरांसाठी असतो, त्याला एकमतानं मिळाला. तिथे २८ पैकी २८ मतदारांनी त्याला पहिलं ठेवलं.

इव्हान रॉड्रिगेझ हा प्वेर्तो रिकोचा कॅचर, टेक्सस रेंजर्सचा. चाहते त्याला ‘पज’ म्हणत. त्यानं त्या मोसमात .३३२ च्या सरासरीनं (म्हणजे हजार प्रयत्नांमागे ३३२ हिट) फलंदाजी केली, ३५ होम रन मारले, ११३ धावा संघाच्या खात्यात घातल्या आणि वर २५ बेस चोरले, म्हणजे फटका न बसताच धावेच्या वाटेवरच्या पुढच्या टप्प्यापर्यंत पळत गेला. एकाच मोसमात वीसहून अधिक होम रन आणि वीसहून अधिक चोरलेले बेस, असं त्याच्याआधी एकाही कॅचरला जमलं नव्हतं. गुडघ्यांवर बसून मोसम काढणाऱ्या माणसाच्या पायांत एवढा वेग उरतो, हीच नवलाची गोष्ट. त्याच्या हातातली ताकद तर दहशत बसावी अशी होती. त्याच्यावर बेस चोरायचा प्रयत्न करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाद झाले. हे सगळं १४४ सामन्यांत, त्यातले बरेचसे घरच्या मैदानावर, आर्लिंग्टनच्या भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यात. उणं शोधायचं तर त्यानं सगळ्या मोसमात फक्त २४ ‘वॉक’ (चार वाइट चेंडूंवर फुकट मिळणारा पहिला बेस) मिळवले, आणि डबल प्लेमध्ये, म्हणजे एकाच फटक्यावर दोघे बाद होण्यात, तो ३१ वेळा अडकला.

जुलैमधल्या ऑल-स्टार सामन्यात हे दोघे एकाच बाजूनं खेळले. बॉस्टनच्याच मैदानावर मार्तिनेझनं पहिल्या चार बॅटरना ओळीनं स्ट्राइक आउट केलं. दुसऱ्या इनिंगमध्ये जेफ बॅगवेल त्याच्या चेंडूवर स्ट्राइक आउट झाला आणि त्याच क्षणी बेस चोरायला निघालेल्या मॅट विल्यम्सला रॉड्रिगेझनं फेक करून बाद केलं. दोघांपैकी कोण मोठा यावर वाद घालताना मला तो क्षण नेहमी आठवतो, कारण त्यात दोघांचीही कला पूर्ण उमटली होती. रॉड्रिगेझला किताब मिळाला यात अन्याय झाला असं म्हणताना त्याची ही कामगिरी कमी लेखण्याची गरज नाही. तसं करणं मला मान्यही नाही.

दोघांचे संघ बाद फेरीत पोहोचले. टेक्ससनं ९५ सामने जिंकून आपला विभाग जिंकला, बॉस्टननं ९४ जिंकून वाइल्ड कार्ड, म्हणजे विभाग न जिंकताही बाद फेरीत नेणारी जागा, मिळवलं. त्यामुळे ‘संघाला कुठवर नेलं’ या मोजपट्टीवर दोघांत फरक जवळपास नव्हता.

समस्या

नोव्हेंबरात निकाल आला. रॉड्रिगेझ २५२, मार्तिनेझ २३९. तेरा गुणांचा फरक. त्यांच्यामागे क्लीव्हलँडचे रोबर्टो अलोमार आणि मॅनी रामिरेझ प्रत्येकी २२६ गुणांवर, मग टेक्ससचाच राफाएल पाल्मेरो १९३ वर आणि न्यूयॉर्कचा डेरेक जीटर १७७ वर.

पहिल्या पसंतीची मतं पाहिली तर चित्र वेगळं दिसतं. मार्तिनेझला ८, रॉड्रिगेझला ७, अलोमार, रामिरेझ आणि पाल्मेरोला प्रत्येकी ४, जीटरला १. सहा जणांत विभागलेली २८ मतं. विजेत्याला पहिल्या पसंतीची फक्त चतुर्थांश मतं होती आणि ती उपविजेत्यापेक्षा एकानं कमी होती.

यात आपोआप गैर काही नाही. दहा नावांची क्रमवारी मागवायची पद्धत असते ती याचसाठी, की थोड्यांचा अतिशय लाडका आणि सगळ्यांना बऱ्यापैकी मान्य असलेला यांच्यात तोल साधावा. रामिरेझनं त्या वर्षी १६५ धावा संघाच्या खात्यात घातल्या होत्या. १९३८ नंतर इतक्या कोणीच घातल्या नव्हत्या. अशा भरलेल्या वर्षात मतं फुटणारच.

खरी गोष्ट मतपत्रिका उघडल्यावर दिसली. २८ पैकी २६ मतदारांनी मार्तिनेझचं नाव कुठे ना कुठे लिहिलं होतं. दोघांनी ते लिहिलंच नव्हतं. पहिल्या दहांतही नाही.

मतदारांची बाजू

दोघांचं म्हणणं साधारण एकाच दिशेचं होतं. पिचर रोज खेळत नाही, तो खेळाच्या सगळ्या अंगांत उतरत नाही, म्हणून एमव्हीपीसाठी त्याचा विचार करायला नको.

ही भूमिका बाजूला सारण्याआधी ती नीट ऐकून घ्यायला हवी. सूचनापत्रातच ‘किती सामने खेळला’ हा निकष आहे. मार्तिनेझ ३१ सामन्यांत उतरला, रॉड्रिगेझ १४४. पिचरांसाठी साय यंग हा वेगळा आणि मानाचा किताब आहे. त्याच संघटनेकडून बॅटरना तसा राखीव किताब नाही. पाच दिवसांतले चार दिवस जो बाकावर बसतो तो रोज राबणाऱ्यापेक्षा मोलाचा कसा, हा प्रश्न कोणत्याही संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये विचारला जाऊ शकतो, आणि विचारला जातोच.

त्याला उत्तरही आहे. मार्तिनेझ उतरला त्या दिवशी सामन्यावर त्याची जेवढी पकड असे तेवढी कोणत्याही एका बॅटरची नसते. त्या मोसमात त्यानं ८३५ बॅटरना तोंड दिलं. रॉड्रिगेझ बॅट घेऊन ६३० वेळा उभा राहिला. म्हणजे ‘पिचर कमी खेळतो’ हे दिवस मोजले तर खरं, प्रसंग मोजले तर खोटं. यावर कॅचरच्या बाजूनं कोणी म्हणेल, की मागे बसून त्यानं झेललेले हजारो चेंडू, पिचरला केलेले इशारे, बेसवरच्या धावपटूंवरचा वचक हे कोण मोजणार? तेही रास्त आहे. नंतरच्या काळात रूढ झालेलं ‘वॉर’ हे मोजमाप (साध्या बदली खेळाडूपेक्षा यानं संघाला किती विजय जास्त मिळवून दिले, याचा अंदाज) मार्तिनेझच्या १९९९ ला सुमारे दहा विजयांचं मोल देतं आणि रॉड्रिगेझच्या मोसमाला सहाहून थोडं अधिक. पण कॅचरच्या कामाचा सूक्ष्म भाग त्या आकड्यात पूर्ण उतरतो असं मी म्हणणार नाही. आणि १९९९ मधल्या मतदारापुढे तो आकडा नव्हताच.

तेव्हा मार्तिनेझला तिसरं ठेवणारा मतदार, पाचवं ठेवणारा मतदार, यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांनी मोल तोलून पाहिलं आणि ते त्यांना कमी वाटलं. नाव वगळणाऱ्या दोघांनी मात्र तोललंच नाही. पत्र म्हणतं पिचर पात्र आहेत. त्यांनी स्वतःपुरता वेगळा नियम केला, की पिचर पात्र नाहीत, आणि त्या नियमावर मत दिलं. मत वेगळं असणं हा मतदाराचा हक्क. पात्रतेचा नियम वेगळा धरणं हा हक्क त्याला कोणी दिलेला नव्हता.

न्यूयॉर्कच्या मतदाराबाबत तर हा युक्तिवादही टिकत नाही. आदल्याच वर्षी, १९९८ मध्ये, त्यानं आपल्या मतपत्रिकेवर दोन पिचरांची नावं लिहिली होती. एक यँकीजचा डेव्हिड वेल्स, १८ विजय आणि ४ पराभव. दुसरा टेक्ससचा रिक हेलिंग, २० विजय, पण ईआरए ४.४१. हेलिंगला त्या वर्षी एमव्हीपीचं मत देणारा तो एकटाच मतदार होता. ज्याला ४.४१ चा पिचर दहांत बसवता आला त्याला पुढच्याच वर्षी २.०७ चा पिचर बसवता येऊ नये, याची संगती मला लावता येत नाही.

गुणांचा हिशेब

दोन मतपत्रिकांनी निकाल फिरवला का, हे भावनेवर सोडायची गरज नाही. गणित करता येतं.

मार्तिनेझला पहिल्या पसंतीच्या ८ मतांतून ११२ गुण मिळाले. उरलेले १२७ गुण १८ मतपत्रिकांतून आले. सरासरी ७ च्या किंचित वर. सात गुण म्हणजे चौथा क्रमांक. याचा अर्थ, ज्यांनी त्याला पहिलं ठेवलं नाही पण विचारात घेतलं, त्यांनी त्याला सरासरीनं चौथं ठेवलं.

आता त्या दोघांनीही त्याला फक्त चौथं ठेवलं असतं असं धरा. पहिलं नको, दुसरं नको. त्याला पहिली पसंती न देणाऱ्या बाकीच्यांनी सरासरीनं जिथे ठेवलं तिथेच. सात आणि सात, चौदा गुण. २३९ चे २५३ झाले असते. रॉड्रिगेझचे २५२. एका गुणानं किताब बॉस्टनला गेला असता. आणि त्या मतपत्रिकांवर रॉड्रिगेझ चौथा किंवा त्याखाली असता तर नवं नाव वर घुसल्यानं त्याचा आणखी एखादा गुण कमीच झाला असता, वाढला नसता.

दुसरी बाजूही याच गणितातून दिसते. त्या दोघांनी नियम पाळल्याचं दाखवून मार्तिनेझला दहावं ठेवलं असतं, तर त्याला दोन गुण मिळाले असते. २४१. निकाल तोच राहिला असता, आणि मला वाटतं, गदारोळही झाला नसता. या प्रकरणातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट माझ्या मते हीच आहे. नाव वगळणं उठून दिसलं म्हणून पकडलं गेलं. तळाशी ढकललं असतं तर ‘ज्याचं त्याचं मत’ म्हणून खपलं असतं, आणि मार्तिनेझचं नुकसान जवळपास तेवढंच झालं असतं.

संघटनेपुढचे पर्याय

निकालानंतर चाहत्यांत आणि खुद्द पत्रकारांत जो वाद झाला त्यातून सुचण्यासारखे मार्ग अनेक होते. ते एकेक करून तपासले तर बरेचसे गळून पडतात.

त्या दोन मतपत्रिका बाद ठरवणं हा पहिला. ऐकायला न्याय्य वाटतो, पण निकाल कळल्यावर मतपत्रिका बाद करण्याचा अधिकार कोणाच्याही हातात देणं धोक्याचं आहे. आज पिचर वगळला म्हणून बाद, उद्या कोणाचं तरी लाडकं नाव वगळलं म्हणून बाद. शिवाय दोघांनी नियम मोडला हे त्यांच्याच तोंडून बाहेर आलं म्हणून समजलं. गप्प राहिले असते तर हेतू कोण सिद्ध करणार होतं? हा पर्याय मी नाकारला असता.

दुसरा, दोघांनाही पुढे मत न देणं. शिक्षा म्हणून समजू शकतो, पण त्यातून पुढचा मतदार एवढंच शिकतो की मनातला खरा नियम सांगायचा नाही.

तिसरा मार्ग, टोकाची मतं काढून टाकायची : प्रत्येक खेळाडूचं सर्वांत वरचं आणि सर्वांत खालचं मत मोजायचं नाही. खेळांच्या गुणांकनात ही रीत दिसते, म्हणून ती लगेच सुचते. इथे ती लावून पाहिली तर मार्तिनेझचे १४ आणि ० जातात आणि २२५ उरतात. रॉड्रिगेझचे १४ जातात आणि त्याचं सर्वांत खालचं मत जातं. ते अगदी दुसऱ्या क्रमांकाचं, ९ गुणांचं धरलं तरी त्याचे २२९ उरतात. म्हणजे निकाल बदलतच नाही, कारण वगळणारे दोन होते आणि ही रीत एकालाच बाजूला काढते. शिवाय प्रामाणिकपणे वेगळा विचार करणाऱ्या एकट्या मतदाराचा आवाजही तीच रीत दाबते.

चौथा, पिचरांना अपात्रच ठरवणं. मग निदान सगळे एका नियमानं मत देतील. पण या किताबाची परंपरा त्याच्या विरोधात उभी आहे. १९६८ मध्ये दोन्ही लीगचे एमव्हीपी पिचर होते, बॉब गिब्सन आणि डेनी मॅक्लेन. पुढे व्हिडा ब्लू, रॉली फिंगर्स, रॉजर क्लेमेन्स, डेनिस एकर्स्ली. या सगळ्यांचं मोल नंतर पुसून टाकल्यासारखं झालं असतं.

पाचवा, मतं पत्रकारांकडून काढून आकड्यांकडे देणं. हा वाद आजही चालतो. मला तो पटत नाही. कोणता आकडा, हे ठरवताना पुन्हा माणसंच मत देणार, फक्त दाराआड.

सहावा, प्रत्येक मतपत्रिका मतदाराच्या नावासह जाहीर करणं.

आणि सातवा अगदी साधा. मत देण्याआधीच मतदाराकडून लिहून घ्यायचं, की पात्रतेचे नियम मला मान्य आहेत. ज्याला ते मान्य नाहीत त्यानं त्या वर्षी मत देऊ नये.

काय केलं गेलं

निकाल कायम राहिला. किताब रॉड्रिगेझकडेच राहिला. तो परत मागण्याचं काही कारण नव्हतंच. त्यानं कोणताही नियम मोडला नव्हता. पिचर पात्र आहेत ही ओळही पत्रात कायम राहिली. संघटनेतल्याच काही जणांनी आपल्या सहकाऱ्यांवर उघड टीका केली, की एकाच निवडणुकीत वेगवेगळे लोक वेगवेगळ्या नियमांनी मत देत आहेत आणि त्यामुळे सगळ्यांचीच पत जाते. पण तात्काळ नियम असा काही बदलला नाही.

असा गोंधळ आधी झाला नव्हता असंही नाही. १९४७ मध्ये बॉस्टनच्याच टेड विल्यम्सनं सरासरी, होम रन आणि धावा या तिन्हींत अमेरिकन लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला, म्हणजे ‘ट्रिपल क्राउन’. किताब मात्र न्यूयॉर्कच्या जो डिमॅजिओला गेला, २०२ विरुद्ध २०१ गुणांनी. एका मतदारानं विल्यम्सचं नाव पहिल्या दहांत लिहिलंच नव्हतं. बॉस्टनच्या चाहत्यांना १९९९ चं दुःख दुप्पट का वाटलं ते यावरून कळेल.

पुढे काय झालं

मोठा बदल यायला बारा-तेरा वर्षं गेली. २०१२ पासून संघटना प्रत्येक मतदाराची पूर्ण मतपत्रिका नावासह जाहीर करते. कोणी कोणाला कितवं ठेवलं हे आता कोणालाही पाहता येतं.

त्याच्या आदल्या वर्षी, २०११ मध्ये, डेट्रॉइटचा जस्टिन व्हर्लँडर अमेरिकन लीगचा एमव्हीपी झाला. त्याला २८ पैकी १३ पहिली मतं मिळाली, आणि त्याचंही नाव एका मतदारानं मतपत्रिकेवर घेतलं नाही. कारण तेच, पिचर रोज खेळत नाही. फरक एवढाच, की तिथे आघाडी मोठी होती म्हणून निकाल टिकला. म्हणजे १९९९ मधून तोवर शिकणं झालं नव्हतं. त्या वर्षी फक्त गणित व्हर्लँडरच्या बाजूनं होतं. २०१४ मध्ये लॉस अँजेलिसचा पिचर क्लेटन कर्शॉ यानं दुखापतीमुळे केवळ २७ सामने खेळूनही नॅशनल लीगचा किताब मिळवला. ‘दिवस मोजा’ हा युक्तिवाद तोवर बराच मागे पडला होता.

जाहीर मतपत्रिकांच्या पहिल्याच वर्षी, २०१२ मध्ये, मिगेल कब्रेरा आणि माइक ट्राउट यांच्यावरून देशभर वाद झाला. कब्रेरानं ट्रिपल क्राउन मिळवला होता, १९६७ नंतर पहिल्यांदाच. ट्राउट बेसवर धावण्यात आणि क्षेत्ररक्षणात कितीतरी सरस होता. कब्रेरा ३६२ विरुद्ध २८१ गुणांनी जिंकला. मला स्वतःला ट्राउटचं पारडं जड वाटतं. पण त्या निकालाला अन्याय म्हणणं मला जमत नाही, कारण तिथे सगळे एकाच प्रश्नाचं उत्तर देत होते. उत्तरं वेगळी आली इतकंच.

मग शोहेई ओतानी आला. तो पिचिंगही करतो आणि बॅटिंगही. २०२१ आणि २०२३ मध्ये त्याला एकमतानं किताब मिळाला, आणि २०२४ मध्ये पिचिंग न करता, क्षेत्ररक्षणालाही न उतरता, फक्त बॅटर म्हणून खेळून त्यानं नॅशनल लीगचा किताबही एकमतानं जिंकला. १९९९ मधला ‘सगळ्या अंगांत उतरत नाही तो पात्र नाही’ हा नियम कोणी मनात धरला असता, तर ओतानीचं नावही त्या मतपत्रिकेवर आलं नसतं. तसं एकानंही केलं नाही.

निर्णयाचे क्षण आणि वेगळं काय करता आलं असतं

पहिला क्षण १९९९ च्या सप्टेंबरातला, मतपत्रिका हाती आल्यावरचा. पिचर पात्र नसावेत असं ज्या मतदाराला मनापासून वाटतं त्याच्यापुढे दोन सरळ वाटा होत्या. नियम न पटताही तो पाळून मार्तिनेझला प्रामाणिकपणे तोलणं, किंवा संघटनेला कळवून मत दुसऱ्या कोणाला द्यायला सांगणं. मत परत करणं ही पत्रकारितेत काही अशक्य गोष्ट नाही. न्यूयॉर्क टाइम्ससारखी काही मोठी वर्तमानपत्रं आपल्या वार्ताहरांना अशा निवडींत मत देऊच देत नाहीत. बातमी लिहिणाऱ्यानं बातमी घडवू नये, अशी त्यांची भूमिका आहे.

दुसरा क्षण मतपत्रिका गोळा झाल्यावरचा. साय यंगचा कल सगळ्यांना ठाऊक असताना एमव्हीपीच्या दोन मतपत्रिकांवर त्या पिचरचं नावच नाही, हे मोजणाऱ्याच्या नजरेस आलंच असणार. निकाल लागण्याआधी मतदाराला एवढंच विचारता आलं असतं : हे नाव विचार करून वगळलंत, की पिचर पात्र नाही असं समजून? विचारणं म्हणजे मत बदलायला लावणं नव्हे. पण हा प्रश्न सर्वांसाठी आणि आधीपासून ठरलेला हवा. एका खेळाडूपुरता विचारला तर तोही पक्षपातच.

तिसरा क्षण निकालानंतरचा, आणि इथे संघटनेनं जास्त काही करायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे. मतपत्रिका खुल्या करण्याचा निर्णय २००० मध्ये घेता आला असता. खुलेपणामुळे मतदार चुकत नाहीत असं नाही. कळपाबरोबर जाण्याचा मोहही त्यातून वाढतो, वेगळं मत देणाऱ्यावर चाहत्यांची झुंड तुटून पडते, हे आपण पाहतो. पण १९९८ मध्ये हेलिंगला मत देणारा आणि १९९९ मध्ये मार्तिनेझला वगळणारा मतदार एकच आहे, ही गोष्ट सगळ्यांना दिसणार हे आधीच माहीत असतं, तर त्या हातानं पेन उचलताना क्षणभर तरी थांबावं लागलं असतं.

खुल्या मतपत्रिकांनीही एक भोक बुजत नाही. तळाशी ढकललेलं नाव. त्यासाठी मला सातवा पर्यायच योग्य वाटतो, मत देण्याआधीचं लेखी मान्यतापत्र. त्यानं खोटं बोलणारा थांबणार नाही. पण १९९९ चे ते दोघे आपली भूमिका लपवत नव्हते, उघड सांगत होते. अशा माणसांना आधी विचारलं असतं तर त्यांनी सरळ उत्तर दिलं असतं आणि ती दोन मतं दुसऱ्या दोघांकडे गेली असती.

आज हे आणखी तातडीचं झालं आहे, कारण या मतांवर आता थेट पैसा अवलंबून आहे. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२२ च्या करारानुसार नव्या, कमी पगारावरच्या खेळाडूंसाठी दरवर्षी ५ कोटी डॉलरचा निधी बाजूला काढला जातो. त्यातून एमव्हीपी ठरणाऱ्या पात्र तरुण खेळाडूला २५ लाख डॉलर मिळतात, दुसऱ्या क्रमांकाला साडेसतरा लाख. म्हणजे १९९९ सारखी तेरा गुणांची दरी आज एखाद्या तरुण पिचरच्या बाबतीत पडली, तर दोन मतदारांच्या खासगी नियमाची किंमत साडेसात लाख डॉलरपर्यंत जाऊ शकते. हा पैसा कोणाला मिळावा हे ठरवणाऱ्या पत्रकारांकडून, नियम मान्य असल्याची एक सही संघटनेनं पुढच्या मोसमाआधी घ्यायला हरकत नसावी.